कच्छचा दगड

काळबादेवी, ता. रत्नागिरी
१२ सप्टेंबर २०२५

हेतल,

वर नुसतं नाव लिहिलंय म्हणून रागावू नको. आधी सवयीने ‘चि. सौ. हेतल’ लिहिलं होतं. मग सौ. खोडलं. नुसतं ‘चि.’ बघितलं तर अंगणवाडीतल्या पोरीला लिहिल्यासारखं वाटलं. कागद फाडला, दुसरा घेतला. घटस्फोट झालेल्या सुनेला पत्रात काय लिहायचं ते कोणी शिकवलेलं नाही. एकोणतीस वर्षं अंगणवाडी चालवली, शेकडो अर्ज लिहिले, पण हे जमत नाही.

तुझं पत्र गणपतीत आलं. घरात पाहुणे होते म्हणून उत्तर राहिलं. तू म्हणतेस फोन नको, आवाज ऐकला की दिवसभर कामात लक्ष लागत नाही. बरं, नाही करत. पत्राला आवाज नसतो हे बरं आहे.

तू दगड मागितलास. लिहिलंयस की तुझा लेख छापायचा तर दगड संग्रहालयात ठेवलेला पाहिजे, कोणाच्या घराच्या पडवीत असून चालत नाही. ते समजलं. पण पुढे लिहिलंस, ‘आई, दगड तुमचा आहे, तुम्ही हो म्हणालात तरच.’ हे काही समजलं नाही. माझा कसा? २०१९च्या दिवाळीत तुझ्या माहेरी कच्छला आले, तुझ्या मामांच्या शेताच्या बांधावर मला धाप लागली म्हणून टेकले, आणि ज्यावर टेकले तो हा दगड. मी नुसतं म्हटलं, ‘हे बघ, आमच्या जाळ्यात हा कचरा येतो, दगडात कसा गेला?’ बारीक गोल पोट आणि सापाच्या शेपटीसारखे पाच हात. निलेशचे बाबा होते तेव्हा जाळं झाडताना मी असले किती समुद्रात परत फेकलेत. बाजूच्या देठांना मी फुलं समजले, तर तू मला वेड्यात काढलंस. फुलं नव्हेत, प्राणी आहेत, देठावर उभे राहणारे, समुद्रलिली म्हणतात. आणि तारे म्हणजे भंगुर तारे. सोळा कोटी वर्षांपूर्वी तिथे समुद्र होता म्हणालीस. मी बांधावरच्या बाभळी बघितल्या.

एवढंच. शोधलास तू, गाडीत घालून इथे आणलास तू, वाचलास तू. मी फक्त बसले होते.

पाठवायचं म्हणशील तर कुरियरवाल्याकडे चौकशी केली. एवढं जड नेत नाही म्हणाला. बघते दुसरं काय होतं ते.

निलेश बोटीवर आहे, ब्राझीलच्या बाजूला. शमिका, म्हणजे त्याची बायको, चांगली आहे. गुहागरकडची. मे महिन्यात लग्न झालं ते तुला माहीत असेलच. तिच्याबद्दल तुला काय लिहायचं आणि काय नाही, तेही कळत नाही.

एक विचारू? तुम्ही दोघांनी मला काही सांगितलं नाहीत. त्याला विचारलं तर म्हणतो, काही झालं नाही आई. तुला विचारलं तेव्हा तूही तेच म्हणालीस. काही झालं नाही तर मग हे झालं कसं?

मालन
(‘तुझी आई’ लिहिणार होते.)


काळबादेवी
४ ऑक्टोबर २०२५

हेतल,

तुझं दुसरं पत्र मिळालं. दगड ठीक आहे. पडवीतच आहे.

परवा दसरा झाला. सोनं वाटायला कोणाकडे गेले नाही, पाय दुखत होता. शमिकाही गेली नाही. दोन दिवस ती नीट जेवलेली नाही. बांगड्याचं तिखलं केलं, तिला आवडतं म्हणून, तर भाताशी खेळत बसली.

एक विचारायचं होतं, आपलं सहज. तसल्या दगडाला पाणी लागलं तर चालतं का? पावसात पडलेला असतोच म्हणा. आणि साबण? समजा कोणी साबणाने धुतला. किंवा आणखी कशाने. म्हणजे सगळा नाही, एक कोपरा. तो परत होता तसा होतो का? कॉलेजात कोणाला विचारणार होते, पण मग म्हटलं तुलाच विचारावं.

घाई नाही.

मालन


काळबादेवी
११ ऑक्टोबर २०२५

हेतल,

मागचं पत्र पेटीत टाकलं आणि परत काढता येईल का म्हणून पोस्टमनला विचारलं. तो हसला. आता तू ते वाचून काय समजायचं ते समजली असशील, तेव्हा सरळच लिहिते.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी बाजारात गेले होते, झेंडू आणायला. शमिका घर साफ करत होती. मोरी घासून झाल्यावर तिला पडवीतला दगड दिसला. काळपट झाला होता, एका बाजूला शेवाळ धरलं होतं. तिच्या हातात मोरी साफ करायचं अॅसिड होतं. ते तिने कोपऱ्यावर ओतलं आणि ब्रश घेतला. मी फाटकातून आत आले तेव्हा दगड फसफसत होता. पांढरा फेस खाली अंगणात, खळ्यापर्यंत गेला होता. ती हसत म्हणाली, ‘आई, बघा किती मळ निघतोय!’

मी ओरडले. काय ओरडले ते मला आठवत नाही, पण शेजारची भागूबाई धावत आली, कोणाला साप चावला म्हणून. मी बादलीभर पाणी ओतलं, मग दुसरी, मग तिसरी. फेस थांबला. मळ नव्हता तो, दगडच जात होता. कोपरा गुळगुळीत झालाय, साखर विरघळून उरते तसा.

शमिका भिंतीला टेकून उभी होती. हाताला अॅसिड लागून लाल झालं होतं, ते मला नंतर दिसलं. म्हणाली, ‘पण तुम्हीच सांगितलंत ना, यात्रेतून आणलाय म्हणून? मला वाटलं, देवाच्या कामाचा असेल, स्वच्छ करून ठेवू.’

हे खरं आहे. मी तिला तसं सांगितलं होतं. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात विचारलं तिने, हा दगड कसला? नव्या सुनेला काय सांगू, की आधीच्या सुनेची आठवण पडवीत ठेवलीय? कच्छला गेले होते, तिथून आणला, एवढं म्हटलं. यात्रा तिने आपली धरली आणि मी ती धरू दिली.

मग त्या दिवशी सगळं सांगितलं. तुझा आहे, तुला हवा आहे, तुझं संशोधन त्यावर आहे. तिने ब्रश बादलीत टाकला. थोड्या वेळाने म्हणाली, ‘म्हणजे या घरात त्यांची वस्तू आहे आणि मलाच माहीत नाही.’ तिचं काही चुकलं का? मला तिचा राग आला आणि तिची कीवही आली, एकाच वेळी, आणि दोन्ही कुठे ठेवायचं ते कळेना.

निलेशचा फोन आला तर म्हणाला, ‘आई, एका दगडासाठी एवढं काय? टाकून दे ना.’ मी फोन ठेवून दिला. असं पूर्वी कधी केलं नव्हतं.

आणखी एक. कुरियरवाल्याकडे मी गेलेच नव्हते. दगड गेला की तू मला पत्र कशाला लिहिशील, असं वाटलं. पाठवला असता तर आज तो धड असता.

कुठला कोपरा गेला ते लिहिते. दगड आपल्या पाट्यापेक्षा थोडा मोठा, रुंद बाजू आपल्याकडे धरलीस तर डावीकडचा वरचा. तिथे एक तारा होता, ज्याचा हात समुद्रलिलीच्या देठाला वेढलेला होता. तू मला भिंगातून दाखवला होतास. तो तिथे आता नाही.

मालन


काळबादेवी
३ नोव्हेंबर २०२५

हेतल,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तू रागावली नाहीस. रागावली असतीस तर सोपं झालं असतं.

तू लिहिलंस ते मी शमिकाला वाचून दाखवलं, कारण तिने हट्ट धरला. तू लिहिलंयस की असले तारे मेले की चार दिवसांत त्यांचे हात सुटे होतात, म्हणून अख्खे सापडले याचा अर्थ ते जिवंतपणीच चिखलाखाली गाडले गेले, एका वादळात. इथपर्यंत समजलं. पण एकत्र सापडले म्हणजे एकत्र राहत होते असं नाही, हे वाचून मी थांबले. वादळाने कुठून कुठून आणून एकावर एक टाकले असतील, असंही असू शकतं. तुझा लेख त्यावरच आहे. आणि ते एकत्र राहत होते, तारा देठाला धरून वर चढला होता, याचा धड पुरावा त्या एका हाताचा होता. तुझ्याकडे फोटो आहेत, पण दगडात आता तो नाही, म्हणून दुसरे शास्त्रज्ञ मानतीलच असं नाही.

शमिका म्हणाली, ‘म्हणजे मी बरोब्बर तेच घालवलं.’ मी म्हटलं, तुला काय माहीत. ती म्हणाली, ‘माहीत नव्हतं म्हणून गेलेलं परत येतं का?’

तू फोटो मागितलेस ते तिनेच काढले, उन्हात, चारी बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून. मोबाइलवर पाठवले ते पोचले असं कळवलंस, बरं झालं.

आता असं ठरलंय. दगड आम्ही घेऊन येतो. गांधीधामला, म्हणजे तुझ्या भुजच्या जवळ, जाणारी गाडी आठवड्यातून एकदा रत्नागिरीत थांबते. तिकिटं काढलीत, अठरा तारखेची. आधी मी एकटी येणार होते. शमिका म्हणाली, ‘तुम्हाला तो उचलेल? मी घालवलं, मीच नेऊन देणार.’ मी म्हटलं, तिच्या दारात तू जाणार? लोक काय म्हणतील? ती म्हणाली, ‘भुजला आपल्याला कोण ओळखतंय?’

निलेशला सांगितलेलं नाही. सांगायचं का, हेही ठरत नाही.

हेतल, तुला नको असेल तर लिही. तुझ्या घरी नाही तर तुझ्या ऑफिसात येऊन दगड ठेवू आणि परत जाऊ. चहासुद्धा घेणार नाही. काही लिहिलं नाहीस तर येतो असं समज.

दगड दोन गोधड्यांत बांधलाय. शमिकाने वर ‘काच आहे, जपून’ असं लिहिलंय. काच नाही म्हटलं तर म्हणते, हमाल दगडाला घाबरत नाहीत.

मालन


काळबादेवी
३० नोव्हेंबर २०२५

हेतल,

सुखरूप पोचलो त्याला चार दिवस झाले. लगेच लिहिणार होते, पण तुझ्याकडे जे ऐकलं ते आधी मनात लावून ठेवायला वेळ लागला. अजून लागलेलं नाही.

तू जे म्हणालीस ते मी परत लिहिते. बरोबर ऐकलं का ते तू सांग. तुझ्या प्रयोगशाळेत शमिका भिंग घेऊन दगडावर वाकली होती, आणि तू मला बाहेर कट्ट्यावर घेऊन आलीस. मी तेच विचारलं, जे पहिल्या पत्रात विचारलं होतं. तू म्हणालीस, ‘आई, आमचं भांडण कधी झालंच नाही. तो सहा महिन्यांनी घरी यायचा आणि मला पाहुणा आल्यासारखं व्हायचं. त्यालाही तसंच व्हायचं. चहा विचारायचो एकमेकांना.’ मग म्हणालीस, ‘सेकंड इंजिनियर झाल्यावर बायकोला नेता येतं, तेव्हा तो मला बोटीवर चल म्हणत होता. दोनदा म्हणाला. मी नाही गेले.’

मी विचारलं, का नाही गेलीस?

तू समोरच्या लिंबाकडे बघितलंस. मग म्हणालीस, ‘तुम्ही एकट्या पडला असतात.’

इथपर्यंत बरोबर आहे ना? यानंतर तू काहीतरी बोललीस, की शेवटची दोन वर्षं त्या घरात तू माझ्यासाठी होतीस, त्याच्यासाठी नाही, आणि हे कळलं तेव्हा गेलीस. पण तेव्हा मला नीट ऐकू येत नव्हतं. कानात समुद्र भरल्यासारखं झालं होतं. मला आनंद झाला की कोणी आपल्याकरता इतकं राहिलं. आणि लगेच वाटलं, म्हणजे मीच मध्ये होते. संध्याकाळी तू आणि मी वांगी चिरत, नारळ खवत गप्पा मारायचो, तुझ्या दगडांच्या, माझ्या अंगणवाडीच्या, आणि मला वाटायचं, माझ्या घरात किती सुख आहे. ते सुख कोणाच्या वाटणीचं होतं?

तुला दोष देत नाही. मला दोष द्यावा का तेही कळत नाही. मी तर तुला थांब म्हटलं नव्हतं.

आता जे तुला माहीत नाही ते लिहिते.

येताना गाडीत शमिका खिडकीशी बसली होती. तू तिला दगडाजवळ बसवून भिंगातून दाखवलंस, त्या घासलेल्या कोपऱ्याच्या खालच्या बाजूला आणखी एक अर्धा तारा दिसतोय म्हणून, ते तिच्या फार मनात राहिलं. म्हणाली, ‘मला वाटलं होतं त्या मला दारातच उभं ठेवतील. त्यांनी मला ब्रश दिला हातात.’ आणि संग्रहालयाच्या नोंदीत ‘एका कोपऱ्याचे आम्लामुळे नुकसान’ लिहावं लागेल म्हणालीस, तेव्हा तिने विचारलं ना, ‘माझं नाव लिहिणार?’ आणि तू हसलीस, तेव्हा ती पहिल्यांदा हसली. लग्नानंतर मी तिला तशी हसताना बघितलं नव्हतं.

वसईच्या पुढे गाडी बराच वेळ उभी राहिली. खिडकीतून ऊन येत होतं. ती एकदम म्हणाली, ‘आई, समजा मीपण कधी गेले, तर मला अशी पत्रं लिहाल?’

मी चिडले. ‘अभद्र बोलू नको,’ म्हटलं. पनवेल गेलं, चहा आला, तिने माझा चहा धरला, साखर ढवळून दिली. आणि मी विचार करत राहिले की ही असं का बोलली. अभद्र म्हणून नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

चिपळूण आलं तेव्हा मी विचारलं, ‘निलेश घरी होता तेव्हा तुला कसं वाटायचं?’

ती म्हणाली, ‘चांगलं वाटायचं.’ मग म्हणाली, ‘दीड महिना तर होता. चांगले आहेत. मी त्यांना अहो म्हणते आणि ते मला थँक्यू म्हणतात.’

हेतल, मला तुमचा दोघांचा चहा आठवला. मी तुला न विचारता तिला सगळं सांगितलं. तू कट्ट्यावर सांगितलंस ते सगळं, पाहुण्याचं, बोटीचं, माझ्यासाठी राहिल्याचं. रत्नागिरी येईपर्यंत सांगत होते. समोरच्या बाकावरचा माणूस पेपर उलटायचा विसरला. तुझी गोष्ट होती, मी ती दुसऱ्या कोणाला द्यायला नको होती कदाचित. तू नाराज असशील तर लिही. पण त्या क्षणी वाटलं की ही गोष्ट तुझ्याकडून हिच्याकडे गेली नाही तर माझ्या पोटात राहून तिचा काही उपयोग नाही.

तिने ऐकून घेतलं. स्टेशनवरून रिक्षा केली. साखरतरचा पूल ओलांडताना म्हणाली, ‘मला तर त्यांनी बोटीवर चल म्हटलंच नाहीये.’

मी म्हटलं, ‘म्हणणार नाही. दोनदा म्हणून झालंय त्याचं. तू म्हण.’

काल तिने निलेशला फोन केला. मी मुद्दाम बाहेर गेले, विहिरीवर. पंप चालू केला, गरज नसताना. पाणी वाहून गेलं निम्मं. आत आले तर ती ओट्याजवळ उभी होती, डोळे लाल. म्हणाली, मी बोटीवर येऊ का, असं सरळच विचारलं. मग म्हणाले, ‘तुला खरंच यायचंय?’ तीनदा विचारलं म्हणे. फेब्रुवारीत तो पुढच्या बोटीवर चढेल, तेव्हा ती जाईल, सहा महिने. पासपोर्टचा अर्ज भरायला परवा जाणार आहोत.

निलेशने मग मला फोनवर घेतलं. दगडाचं, भुजचं सगळं त्याला शमिकाने सांगितलं होतं. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, ‘हेतल बरी आहे ना?’ बरी आहे म्हटलं. ‘तिचा लेख होईल ना?’ म्हटलं, होईल, पण तारे एकत्र राहत होते असं नक्की नाही म्हणता येणार, ‘कदाचित’ असं लिहावं लागेल. तो म्हणाला, ‘कदाचित लिहिलेलं तिला आवडत नाही.’ आणि फोन ठेवला. तुझ्याबद्दल इतकं तो दोन वर्षांत पहिल्यांदा बोलला. यातून काय समजायचं ते मला कळलं नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिलं.

आज दुपारी शमिका आणि मी कोलंबी सोलत बसलो होतो. ती एकदम थांबली. ओल्या हाताने केस मागे करत म्हणाली, ‘पण आई, मी गेल्यावर तुम्ही एकट्या कशा राहणार?’

मी तिच्याकडे बघितलं. ती खरंच उत्तराची वाट बघत होती.

मी म्हटलं, ‘राहीन.’

‘नक्की?’

‘नक्की.’

तिने मान हलवली आणि पुढची कोलंबी घेतली. झालं. एवढंच होतं ते. एक प्रश्न आणि एका शब्दाचं उत्तर, कोलंबी सोलता सोलता.

हेतल, मी तुलाही हेच सांगितलं असतं गो. तू मला विचारलं का नाहीस?

आई